मीठ टाका म्हणे! फसलेली पिकअप आणि बर्फातले सहा उपाय

सोयाबीन काढणीला आलं आणि परतीचा पाऊस सुरू झाला की गावच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. 'पिकअप नालीत फसली? ट्रॅक्टर बोलावू नका, दहा मिनिटांत स्वतः बाहेर काढा!' खाली सहा उपाय: गाडी पुढे-मागे झुलवा, डाल्यात (मागच्या माल भरायच्या भागात) वजन टाका, चाकाखाली मीठ किंवा वाळू टाका, टायरची हवा कमी करा, हँडब्रेक अर्धा ओढा, आणि एवढं करूनही नाही निघाली तर दुसऱ्या गाडीने झटका देऊन ओढा. म्हणजे ट्रॅक्टर बोलावू नका म्हणायचं आणि शेवटी तिथेच यायचं. सोबतच्या फोटोत पांढऱ्याशुभ्र बर्फात एक पिकअप कलंडलेली दिसते.

फोटो पाहूनच पुढचं वाचणं थांबवायला हवं होतं, पण लोक वाचतात आणि करूनही बघतात. उपाय खोटे नाहीत. ते ज्या मुलुखातले आहेत तिथे चालतात. आपल्याकडे विदर्भात बर्फ पडतो तो फेब्रुवारी-मार्चच्या गारपिटीत, आणि तो दुसऱ्या दिवशी शोधून सापडत नाही. इथे गाडी फसते ती पांधणीतल्या, म्हणजे शेतवाटेवरच्या, काळ्या मातीत, आणि शेतरस्त्याचं नुसतं मातीकाम होऊन खडीकरण राहिलेलं असेल तर हमखास फसते.

बर्फाखाली बहुतेक वेळा कडक जमीन असते. चाक जागेवर फिरलं की खालचा बर्फ थोडा वितळतो, पुन्हा गोठतो आणि काचेसारखा गुळगुळीत होतो. म्हणून तिथला प्रश्न मुख्यतः पकडीचा. आपली काळी माती बेसॉल्टच्या झिजेतून झालेली, आणि तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट जातीची चिकणमाती भरपूर. ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते. मे महिन्यात वावरात पडणाऱ्या भेगा त्याच गुणाच्या. ओली झाली की ती भार पेलत नाही आणि वर टायरच्या नक्षीत गच्च बसते. चार फेऱ्यांत नवा टायर टकला होतो. गाडी घसरतेही आणि बुडतेही. मेसेजमध्ये बुडण्याचा विचारच नाही.

आता 'झुलवा' घ्या. पहिला गिअर, रिव्हर्स, पुन्हा पहिला. बर्फात याने चाकाच्या पुढे-मागे बर्फ दाबला जाऊन छोटा पट्टा तयार होतो आणि गाडी वेग घेऊन निघते. काळ्या मातीत प्रत्येक झोक्याला माती तिंबली जाते. भंडारा-गोंदियाकडे धानाच्या बांधीत चिखलणी करतात ना, ट्रॅक्टरला लोखंडी केज व्हील लावून? तिथे माती मुद्दाम घोटतात, पाणी खाली मुरू नये म्हणून. झुलवणारा ड्रायव्हर चाकाखाली तेच करतो, फक्त फुकटचं डिझेल जाळून. भोवतालचं पाणी त्या खड्ड्यात उतरतं आणि तिथेच थांबतं. थोड्या वेळाने मागच्या अॅक्सलच्या मधला डिफरन्शियलचा (इंजिनाची ताकद दोन्ही चाकांना वाटणाऱ्या गिअरचा) डबा दोन चाकोऱ्यांमधल्या उंचवट्यावर टेकतो. मग चाकं नुसती लटकून फिरतात. 'अबे, दाब ना रेस' म्हणणारे काठावर चारजण असतातच. त्यांचं ऐकू नका. चाक एकदा जागेवर फिरलं की पाय उचला आणि खाली उतरून डबा टेकलाय का ते बघा. पुढचं सगळं त्यावर ठरतं.

'डाल्यात वजन टाका' हा तर आपल्यासाठी सरळसरळ उलटा सल्ला. रिकाम्या पिकअपचं वजन पुढे असतं आणि बहुतेक पिकअपची ताकद जाते मागच्या चाकांना. म्हणून बर्फाळ भागात लोक हिवाळाभर डाल्यात वाळूची पोती ठेवतात. तिथे खाली कडक जमीन आहे, वजनाने पकड वाढते. इथे वजनाने चाक आणखी खाली जातं. शिवाय आपली पिकअप रिकामी फसतच नाही. फसते ती सोयाबीनच्या पोत्यांनी किंवा संत्र्याच्या क्रेटनी भरलेली. पहिलं काम माल उतरवणं. कंटाळवाणं काम आहे, पोती ओली होण्याची भीती आहे, म्हणून सगळे ते शेवटी करतात आणि तोवर गाडी आणखी वीतभर गेलेली असते. धुऱ्यावर (बांधावर) ताडपत्री अंथरा, माल तिच्यावर ठेवा, दुसरी वरून टाका.

मीठ. यावर खरं तर एक ओळ पुरे: मीठ बर्फ वितळवतं, चिखल वितळत नसतो. मिठाच्या पाण्याचा गोठणबिंदू शून्याच्या खाली जातो, म्हणून तिकडे रस्त्यावर मीठ टाकतात. थंडी फारच कडक असली तर तिथेही त्याचा उपयोग होत नाही. पण अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या पूर्णा खोऱ्यातल्या माणसाने हा उपाय पुढे पाठवावा, याचं मला नवल वाटतं. या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात विहिरीचं पाणी खारं, मातीत सोडियम आधीच जास्त. मिठातला सोडियम चिकणमातीच्या कणांना धरून राहतो, पावसाने बाकीचं मीठ धुऊन गेलं की कण सुटे होतात, माती आणखी चोपण होते आणि पाणी मुरायचं बंद होतं. ती सुधारायला लोक जिप्सम टाकतात आणि इथे कोणी पिशवीभर मीठ रस्त्याकडेच्या वावरात ओतायला सांगतो.

वाळूचं म्हणाल तर घमेलंभर वाळू काळ्या चिखलात दिसेनाशी होते. खाली जायला हवं काहीतरी मोठं आणि अडकणारं: दगड, गिट्टी, विटांचे तुकडे, मुरूम. तेही नुसतं चाकापुढे फेकून नाही. जॅक लावायचा, पण जॅकखाली जाड फळी, नाहीतर गाडीऐवजी जॅकच खाली जातो. जॅकवरच्या गाडीखाली कोणी अंग घालायचं नाही. चाक उचललं की खड्ड्यात दगड भरायचे, वर धुऱ्यावरची गेल्या साली उपटून ठेवलेली पऱ्हाटी (कपाशीची वाळलेली झाडं) आडवी, दाट पसरायची. उभी नाही, तोडलेलं टोक टायरमध्ये शिरतं. वाळलेलं कुटार (मळणीनंतरचा भुसा) मात्र गाडीच्या पोटाखाली कोंबू नका. ते चिखलात घसरतंच, आणि गरम सायलेन्सरला लागलं तर पेटू शकतं. बीएस-६ (प्रदूषणाच्या कडक नियमांच्या) डिझेल गाडीचा धुराचा फिल्टर स्वतःला साफ करतो तेव्हा तर फारच तापतो.

हवा कमी करण्याचा सल्ला अर्धा खरा. टायर जमिनीवर जास्त पसरतो, दाब वाटला जातो. वाळूत आणि बर्फात याने चांगला फरक पडतो. चिखलातही थोडा पडेल. पण माल तसाच ठेवून हवा काढली तर टायर रिमवरून सुटायची भीती, आणि वर आल्यावर हवा भरायचा पंप जवळ नसेल तर पंक्चरच्या दुकानापर्यंत त्याच टायरवर जावं लागतं. पंप असेल, माल उतरला असेल, तर करून बघा.

हँडब्रेकचा उपाय मात्र खरा आहे आणि तो मेसेजमध्ये सगळ्यात कमी समजावलाय. साध्या डिफरन्शियलमध्ये जे चाक मोकळं फिरतं तेच फिरत राहतं. दुसरं, ज्याला पकड आहे, ते गप्प उभं. हँडब्रेक मागच्या चाकांवर असेल आणि तो थोडासा ओढला, तर फिरणाऱ्या चाकाला अडथळा होतो आणि दुसऱ्याकडे थोडी ताकद जाते. दोन-तीन दातेच ओढायचे, स्टिअरिंग सरळ, रेस कमी. शक्यतो रिव्हर्समध्ये, कारण ज्या चाकोरीतून आलो ती आधीच दबलेली असते. डबा टेकलेला असेल तर हेही चालत नाही. आधी सब्बल-फावड्याने मधला उंचवटा काढा.

शेवटचा उपाय वाचून मला राग येतो. 'झटका देऊन ओढा.' तिकडे त्यासाठी ताणला जाणारा खास नायलॉनचा पट्टा वापरतात. तो लांबतो आणि झटका गिळून हळूहळू परत देतो. आपल्याकडे असते साखळी किंवा वायर रोप. साखळी ताणली जात नाही, सगळा झटका एका कडीवर येतो. कडी किंवा हुक तुटला तर तो माणसाच्या दिशेने उडतो. जुना नायलॉनचा दोर बरा वाटतो, पण तुटल्यावर तोही चाबकासारखा परत येतो. बंपरला दोर बांधू नये. कंपनीने दिलेला ओढायचा हुक असतो, तो शोधा.

ट्रॅक्टरचा धोका याहून मोठा. चालक घाईत साखळी वरच्या टॉप लिंकच्या (अवजार जोडायच्या वरच्या दांड्याच्या) पिनेला अडकवतो. मागे पिकअप चिखलाने धरून ठेवलेली, क्लच सुटला, चाकं फिरेनात, तर ट्रॅक्टरचं पुढचं तोंडच उचललं जातं आणि तो मागे, चालकावर पलटतो. उडी मारायलाही वेळ मिळत नाही. साखळी कायम खालच्या ड्रॉबारलाच (ओढायच्या लोखंडी पट्टीला). आधी ढील काढून घ्या, मग लो गिअरमध्ये, सावकाश, एकसारखा ओढा. दोरावर मधोमध ओलं पोतं टाका, म्हणजे तुटलाच तर उसळी कमी होते. दोराच्या लांबीच्या आत कोणी उभं राहायचं नाही, मोबाइलवर शूटिंग करणाराही नाही. गाडी रिकामी असेल आणि बैलजोडी असेल, तर तिनेच ओढा; बैलजोडी झटका देत नाही हा तिचा मोठा गुण आहे.

राहता राहिली दहा मिनिटं. पाऊस चालू असेल तर कधीकधी काहीच करू नये. माल बैलगाडीने हलवावा, गाडी तिथेच सोडावी, दोन दिवस ऊन लागलं की वरचा थर आवळतो आणि निम्मं काम सोपं होतं. गाडी निघाल्यावर मात्र तशीच रस्त्याला लावू नका. रिमच्या आत चिकटलेला चिखल वाळला की चाकाचा तोल जातो आणि स्टिअरिंग थरथरतं. ब्रेकच्या ड्रममध्ये गेला असेल तर ब्रेक नीट लागत नाही. चिखल ओला आहे तोवर नाल्यावरच चाकं आतून धुऊन काढा आणि निघाल्या निघाल्या दोन-चारदा ब्रेक दाबून बघा.