आई पदवीधरही नाही आणि शिक्षकही नाही

दिवाळीच्या आधीची गोष्ट. सोसायटीच्या गेटपाशी एका पक्षाच्या पोरांनी टेबल टाकलं होतं, विधान परिषदेच्या निवडणुकीसाठी पदवीधर मतदार नोंदणी, फॉर्म नंबर १८. मी दूध आणायला खाली गेलो आणि दोन फॉर्म घेऊन वर आलो, एक माझा आणि एक असाच आईसाठी. वर आल्यावर डोक्यात प्रकाश पडला की आईला हा चालतच नाही. आई जुनी एस.एस.सी. आणि पुढे डी.एड., मुळशी तालुक्यात झेडपीच्या शाळांवर ३३ वर्षं पहिली ते चौथीला शिकवलं. डिग्री नाही म्हणून पदवीधरमध्ये नाव लागत नाही. बरं, शिक्षक मतदारसंघ वेगळा आहेच की, तर तिथे माध्यमिक आणि त्याच्या वरचेच शिक्षक चालतात, म्हणजे नोकरीत होती तेव्हाही तिचं नाव लागलं नसतं. ज्या बाईनं अर्ध्या गावाला पाटीवर ग म भ न गिरवायला लावलं ती विधान परिषदेच्या हिशेबात शिक्षकही नाही आणि शिकलेलीही नाही. आणि मी बी.कॉम., तेही एटीकेटी मारत मारत, मला मात्र विधानसभेचं एक मत आणि वर हे एक एक्स्ट्रा.

आई काही बोलली नाही, "तू भर तुझा, झेरॉक्सला ट्रू कॉपीचा शिक्का लागेल बघ" एवढंच म्हणाली. पण माझ्या डोक्यातून जाईना.

आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर दर सहा महिन्यांनी हा विषय निघतो आणि एकमतानं ठरतं की ही परिषद बरखास्त करून टाका, फुकट खर्च. मी पण वर्षानुवर्षं त्याच बाजूचा. आणि कारणं काही कमी नाहीयेत. विधानसभेनं पास केलेलं बिल परिषदेनं अडवलं तर किती अडवणार, आधी तीन महिने आणि दुसऱ्यांदा आलं की एक महिना, संपलं. पैशाचं बिल असेल तर १४ दिवस. जनसुरक्षा विधेयक १० जुलै २०२५ ला विधानसभेत पास झालं आणि दुसऱ्या दिवशी परिषदेत, विरोधक सभात्याग करून बाहेर. जी काही छाननी झाली ती आधी दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीत. सभापतीपद जुलै २०२२ पासून डिसेंबर २०२४ पर्यंत रिकामं होतं, उपसभापतींवर गाडा चालला, आणि खरं सांगा तुमच्यापैकी किती जणांना ते जाणवलं? राज्यपालनियुक्त १२ जागांची यादी नोव्हेंबर २०२० मध्ये गेली, ती तशीच पडून राहिली, कोर्टकचेरी झाली, सरकार बदललं, नव्या सरकारनं ती मागे घेतली, आणि शेवटी ऑक्टोबर २०२४ मध्ये सात जण भरले. साहित्य, कला, विज्ञान, सहकार, समाजसेवा यातल्या जाणकारांसाठी आहेत म्हणे त्या जागा. पेपरवाले याला सरळ 'राजकीय पुनर्वसन' म्हणतात आणि आपण चहाबरोबर वाचून पान उलटतो.

मग बरखास्त का नको? एक तर बरखास्त कोण करतं ते बघा. आंध्रात मुख्यमंत्री एनटीआरनी १९८५ मध्ये केली, मुख्यमंत्री वायएसआरच्या काळात २००७ ला परत आली, २०२० मध्ये त्यांच्याच मुलानं, मुख्यमंत्री जगननी पुन्हा बरखास्तीचा ठराव केला कारण परिषदेत बहुमत नव्हतं आणि तीन राजधान्यांचं बिल अडकलं होतं, आणि २०२१ च्या शेवटी, बहुमताचं गणित जमल्यावर, ठराव मागे. म्हणजे तत्त्वबित्त्व काही नाही, जो अडवतो त्याचं घर पाडायचं.

दुसरं म्हणजे वि. स. पागे. १९६० ते १९७८ परिषदेचे सभापती आणि रोजगार हमीची कल्पना त्यांची. १९७२ च्या दुष्काळात ती योजना उभी राहिली, १९७७ मध्ये आपल्याकडे कायदा झाला आणि देशाला तसा कायदा करायला २००५ उजाडलं. आता कोणी म्हणेल एका पागेंसाठी परिषदेतले ७८ लोक पोसायचे का, तर नाही, पण शांतपणे बसून असं काही घडवायला एखादी जागा लागते एवढं मी मानतो.

तर माझं सध्याचं मत असं झालंय की घर ठेवा, पण आतली माणसं कुठून येतात ते बदला. आणि सुरुवात माझ्यापासून करा, माझं एक्स्ट्रा मत काढून घ्या.

१ डिसेंबर २०२० ला मी पदवीधरला मतदान केलं होतं. तोंडाला मास्क, हाताला सॅनिटायझरचा वास, आणि मतपत्रिका म्हणजे अक्षरशः चादर, साठाच्या वर उमेदवार. मतदान अधिकारी प्रत्येकाला तेच तेच सांगत होत्या, "टिक करू नका, सही करू नका, आकडाच लिहा, आमच्याच पेननं." ते जांभळ्या शाईचं पेन. पसंतीक्रम म्हणून मी १ लिहिला, २ लिहिला आणि तिसऱ्याला अडलो, कारण बाकीच्यांपैकी एकाचंही नाव कधी ऐकलेलं नव्हतं. माझ्या पुढचा माणूस, दिसायला चांगला सुशिक्षित, टिक करून आला आणि बाहेर येऊन विचारतो, चालतं ना हो?

आमचे काका म्हणतात अरे पण शिकलेल्यांचा आवाज नको का सभागृहात. काका, आपल्या पुणे पदवीधरमधून प्रकाश जावडेकर गेले, चंद्रकांत पाटील गेले, २०२० ला अरुण लाड गेले, सगळे पक्षाच्याच तिकिटावर. १९५१ च्या जनगणनेत देशाची साक्षरता १८ टक्क्यांच्या आसपास होती, तेव्हा पदवीधराला वेगळी खुर्ची देणं समजू शकतो. आणि गंमत बघा, ब्रिटननं विद्यापीठांच्या अशाच जागा १९४८ च्या कायद्यानं काढून टाकल्या आणि आपण १९५० मध्ये मांडव घातला.

मग पदवीधरांच्या या ७ आणि शिक्षकांच्या ७, अशा १४ जागा कोणाला द्यायच्या, तर स्थानिक स्वराज्य संस्थांना. त्यांना आत्ता २२ आहेत पण त्यांची गत काय झाली? मार्च २०२२ मध्ये पुणे मनपाची मुदत संपली आणि जवळजवळ चार वर्षं प्रशासक, तीच तऱ्हा बाकी शहरांची आणि झेडप्यांची. नगरसेवकच नाहीत तर मत कोण देणार, म्हणून त्या कोट्यातल्या जागा एकेक करत रिकाम्या पडत गेल्या. ज्या सभागृहात उठून कोणीतरी ओरडायला हवं होतं की आमच्या निवडणुका घ्या, तिथले ओरडणारेच त्या निवडणुका न झाल्यामुळे घरी. माझ्या वॉर्डात ड्रेनेज तुंबलं तेव्हा फोन कोणाला करायचा हे आम्हाला चार वर्षं नीट कळलं नाही, हा माझा वैयक्तिक राग, तो सोडा.

सरपंचांना तर आपल्याकडे मतच नाही. कर्नाटकात, बिहारमध्ये ग्रामपंचायतीचे सदस्य परिषदेसाठी मत देतात, महाराष्ट्रात नाही. आता लगेच कोणीतरी कमेंटमध्ये म्हणेल की हाच तर सगळ्यात जास्त पैशाचा कोटा, पाकिटं वाटतात, सहलीला नेतात. बरोबर आहे, पाचसहाशे मतदार असले की नेता येतं. पण राज्यात २७-२८ हजार ग्रामपंचायती आहेत, प्रत्येक सरपंचाला मत दिलं तर इतक्या सगळ्यांना गोव्याच्या रिसॉर्टवर नेणार कोण? आणि विधानसभेचे आमदार निवडून देतात त्या ३० जागांना गुप्त मतदान कशाला, राज्यसभेला २००३ मध्ये खुलं केलंच ना. २० जून २०२२ च्या रात्री काय झालं ते आठवा, परिषदेचं मतदान, मतं फुटली, आणि तिकडून एकनाथ शिंदेंच्या गटाच्या गाड्या सुरतेला.

यासाठी घटनादुरुस्तीही लागत नाही हे मला अलीकडेच कळलं. कलम १७१ मध्ये ही वाटणी 'संसद कायद्यानं दुसरी तरतूद करेपर्यंत' अशीच दिलीय. म्हणजे साधा कायदा, साधं बहुमत. सत्तर-पंचाहत्तर वर्षांत तो कोणाला करावासा वाटला नाही, कारण तिकीट न मिळालेल्या माणसाला गप्प बसवायला 'तुला परिषदेवर घेतो' याच्यासारखं दुसरं औषध नाही, आणि ते सगळ्याच पक्षांच्या कपाटात आहे.

फॉर्म मी भरला, हो भरलाच, यादी दरवेळी नव्यानं करतात आणि हक्क आहे तोवर सोडवत नाही. आईसाठी आणलेला कोरा फॉर्म फ्रिजवर पडला होता, तिनं त्याच्या मागच्या बाजूला दुधाचा हिशेब मांडलाय.