वीस प्रांतांवर कॅम्पेन संपत नाही

'रोम: टोटल वॉर' हा प्राचीन रोमच्या काळात राज्य वाढवायचा कॉम्प्युटर गेम 2004 साली आला, तेव्हापासून एक मत जसंच्या तसं फिरतंय: लाँग कॅम्पेन, म्हणजे गेमची लांब मोहीम, खेळण्यात अर्थ नाही. वीसेक प्रांत हाती आले की निकाल लागलेला असतो, पुढचं सगळं कारकुनी काम. त्यापेक्षा शॉर्ट कॅम्पेनचे, म्हणजे छोट्या मोहिमेचे, 15 प्रांत घ्यावेत आणि मोकळं व्हावं. नव्याने गेम उघडणाऱ्यालाही हाच सल्ला मिळतो. मला तो मुळातच चुकीचा वाटतो.

आधी कारकुनी कामाचं बघू, कारण सगळ्यात जास्त अन्याय तिथेच होतो. गेममधल्या तीन रोमन घराण्यांपैकी एक असलेल्या स्किपी घराण्याकडून खेळताना मी रोमच्या शत्रूची राजधानी कार्थेज घेतली. कत्तल नको, गुलाम नकोत, नुसता ताबा घेतला आणि फौज तशीच थॅप्सस या पुढच्या शहराकडे वळवली. काही टर्नमध्येच (म्हणजे खेळीच्या काही पाळ्यांत) शहराची नाराजी दाखवणारं चेहऱ्याचं चिन्ह लाल झालं, मग दंगल, मग बंड. मागे ठेवलेली शिबंदी बाहेर फेकली गेली आणि तट माझ्यासमोर बंद झाले. मी माहितीचा तक्ता उघडला, तर सगळी कारणं तिथेच लिहिलेली होती: राजधानीपासूनचं अंतर, परकी संस्कृती, आणि स्क्वॉलर, म्हणजे दाटीने वाढलेला बकालपणा. दुसऱ्यांदा घेतलं तेव्हा अर्धी वस्ती गुलाम म्हणून माझ्या इतर शहरांत पाठवली, जुनं प्युनिक (कार्थेजी) देऊळ पाडून रोमन बांधलं, आणि शेती वाढवायचा मोह आवरला. शेती सुधारली की लोकसंख्या फुगते, बकालपणा वाढतो आणि बांधलेली शेती पाडताही येत नाही. गर्दीच्या शहरात शेतकऱ्यांच्या तुकड्या भरती करायच्या, ओस पडलेल्या गावात नेऊन विसर्जित करायच्या, म्हणजे तेवढी माणसं तिथल्या वस्तीत जमा होतात. हे सगळं मी शिकलो ते वीस प्रांतांनंतर. प्रांत घेण्यापेक्षा राखण्यात जास्त डोकं लागतं, आणि तेच मला या गेममध्ये सर्वांत आवडतं.

"इतिहासाशी याचा संबंध नाही," हे दुसरं म्हणणं. इ.स.पू. 216 मध्ये इटलीतल्या कॅनीला कार्थेजचा सेनापती हॅनिबल याने रोमची फौज कापून काढली. लढाईपुरतं बघितलं तर निकाल लागला होता. तरीही तो इ.स.पू. 203 पर्यंत इटलीतच अडकून पडला, कारण रोमच्या बऱ्याचशा मित्रशहरांनी साथ सोडली नाही. पुढच्याच वर्षी झामाला तो हरला. कोणती शहरं टिकतात आणि कोणती फिरतात, हा प्रश्न गेमच्या उत्तरार्धात तुमच्यापुढे येतो. शॉर्ट कॅम्पेनमध्ये तो जेमतेम डोकावतो.

कंटाळ्याच्या तक्रारीत थोडं तथ्य आहे. बंडखोरांच्या लहानसहान वस्त्यांना पन्नासाव्यांदा वेढा घालण्यात मजा नाही. तिथे मीही ऑटो-रिझॉल्व्ह करतो, म्हणजे लढाईचा निकाल गेमलाच लावू देतो. पण वर्षाला दोन टर्न, म्हणजे विशीत सिराक्यूज जिंकलेला सेनापती ऐंशी टर्नांनी साठीचा होतो. वारस घडवावा लागतो, आणि त्याला नुसतं शहरात बसवून ठेवलं की त्याच्या अंगी ऐदीपणा येतो. ही माणसं म्हातारी होताना बघायला वेळ द्यावाच लागतो.

आणि "आता कुणी हरवू शकत नाही" हा दावा? लाँग कॅम्पेनला 50 प्रांत लागतात आणि त्यात रोम हवंच. रोमन घराण्याकडून खेळत असाल तर ते शहर सिनेटकडे, म्हणजे रोमच्या राज्यसभेकडे, असतं. तुम्ही वाढत गेलात की सिनेटची मर्जी फिरते आणि एक दिवस घराण्याच्या प्रमुखाने आत्महत्या करावी असा हुकूम येतो. नाही म्हणालात तर तुम्ही रोमचे शत्रू. इतकी वर्षं मित्र असलेली बाकीची दोन्ही रोमन घराणी त्या दिवशी समोर उभी राहतात, तुमच्याच तोडीच्या फौजा घेऊन. गेममधलं सगळ्यात मोठं युद्ध ते हेच.

माझ्या चालू कॅम्पेनमध्ये 41 प्रांत झालेत. प्रमुख 68 वर्षांचा आहे, वारस कार्थेजमध्ये, सगळ्यात चांगली फौज कापुआत. दुसऱ्या रोमन घराण्याने, ब्रूटींनी, ग्रीस गिळलाय आणि त्यांची जहाजं दक्षिण इटलीतल्या टॅरेंटमजवळ जमायला लागली आहेत. सिनेटचा हुकूम काल आला. आज रात्री मी नकार देणार आहे.