हिरवा रंग म्हणजे ओसाड रान नव्हे

‘साळावली धरणाखाली गाव नव्हताच, नुसतं रान होतं. हा बघा ब्रिटिशांचा जुना नकाशा, सगळं हिरवंगार!’ हा मजकूर आणि गोव्यातल्या सांगे तालुक्याच्या नकाशाचा फोटो आठवडाभर आमच्या ग्रूपांवर फिरतोय. माझ्या मावशीकडेही तो पोचला. तिचं सगळं बालपण कुर्डीत, म्हणजे याच धरणाखाली बुडालेल्या गावात गेलं. तिने मला एवढंच विचारलं, ‘मागीर आमी खंय रावताले?’ मग आम्ही राहायचो कुठे?

आधी तो ‘ब्रिटिशांचा’ शब्द घेऊ. १९ डिसेंबर १९६१ पर्यंत गोवा पोर्तुगीजांकडे होता. फोटोतल्या नकाशावर भारतीय सर्वेक्षण विभागाचं नाव आहे, उंची मीटरमध्ये आहे आणि प्रमाण १:५०,०००. भारतात मीटर आला तोच १९५६ च्या कायद्यानंतर. हा नकाशा स्वतंत्र भारताचा आहे.

आता हिरवा रंग. तो झाडी सांगतो, माणसं नाहीत असं सांगत नाही. कुर्डीसारख्या गावात घर आणि कुळागर, म्हणजे घराभोवतीची बाग, वेगळं कुठे असतं? सुपारी, माड, त्यावर चढलेली मिरवेल. नकाशावर बागायतही हिरवीच उमटते. शिवाय या प्रमाणात कागदावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे पन्नास मीटर. दहा मीटरचं घर ०.२ मिलिमीटर भरेल! म्हणून घरांसाठी बारीक तांबडे चौकोन काढतात. दहा मोबाइलांतून फिरून धुरकटलेल्या फोटोत ते कसे टिकणार? खुणांचा तक्ताही कापून टाकलाय. नकाशा वाचायचा तर मूळ कागदावर, भिंग घेऊन.

गावावरचा आजचा तलाव नकाशात नाही, कारण तो पुढे धरणाने केला.

आणि गाव नव्हता, तर वाडे आणि वालकिणी या गावांत सरकारने वसवलं कोणाला? गायिका मोगूबाई कुर्डीकर १९०४ साली जन्मल्या त्या कुठे? कुर्डीकर हे नाव रानातून येत नाही. कुर्डीचं कदंबकालीन महादेवाचं देऊळ दगड न् दगड सुटा करून धरणाजवळ पुन्हा उभारलंय, जाऊन बघा.

मे महिन्यात पाणी ओसरलं की सोमेश्वराच्या उत्सवाला आम्ही जातो. भेगाळलेल्या चिखलात माडांचे काळे बुंधे, चिऱ्यांची जोती, तुळशी वृंदावनं. मावशी नकाशाशिवाय चालते. एका जोत्यापाशी थांबून तिने चप्पल काढली, पायरीवरचा गाळ हाताने पुसला आणि मला म्हणाली, ‘हांगा (इथे) आमची न्हाणी.’