अडीचची केबल

विहिरीवरच्या मोटारीची केबल जळाली. वायरमन म्हणाला, "दादा, अडीचची तीन कोर आणा." अमळनेरच्या भर दुपारच्या उन्हात डोक्याला रुमाल गुंडाळून आणली. घरी येऊन टोक सोललं आणि तांब्याच्या झुपक्यावर लेकीच्या कंपासातली पट्टी धरली. तांबं दोनच्या रेघेपाशी संपलं. अर्धा मिलीमीटर दुकानदाराने हाणला! मापात पाप! केबल बगलेत मारून तसाच परत गेलो.

त्याने आधी पाणी दिलं. (आमच्याकडे भांडायला आलेल्यालाही पाणी विचारतात, निम्मं भांडण तिथंच थंड होतं.) मग म्हणाला, "दादा, अडीच ही जाडी नव्हे. तार आडवी कापली की जो छेद दिसतो, त्याचं क्षेत्रफळ. अडीच चौरस मिलीमीटर."

लेकीला हे कळल्यावर तिने वहीच काढली. तार एकसंध गोल असती तर व्यास 1.78 मिलीमीटर, इथे बारीक तारा पिळलेल्या, मधे फटी, म्हणून झुपका जरा जाड. मग तिने विचारलं, "पप्पा, अडीच चौरस मिलीमीटर म्हणजे किती चौरस सेंटीमीटर?"

"0.25," मी ताडकन म्हणालो. दहाने भागायचं, त्यात काय!

तिने आलेख कागद पुढे सरकवला. सेंटीमीटरचा एक चौकोन, त्यात मुंगीच्या डोक्याएवढी घरं. चष्मा लावून, पेन्सिलचं टोक टेकवत मोजू लागलो. सत्तेचाळिसाव्या घरावर माशी बसली. पुन्हा पहिल्यापासून. आडवी दहा, उभी दहा, शंभरच भरली. म्हणजे उत्तर 0.025.

ओट्यावर शेंगा फोडत बसलेली आई शाळेची पायरी चढलेली नाही. ती म्हणाली, "दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद, तवय एक आर व्हस. तुले इतलं समजत नही?"

खरंच की. बांधावरून भावकीशी भांडताना एक आर म्हणजे शंभर चौरस मीटर आणि शंभर आरांचा हेक्टर, हे मी झोपेतही विसरलो नव्हतो. सातबारा असला की शून्यं बरोबर पडतात.

लेक थांबेना. एका मिलीमीटरात हजार मायक्रोमीटर, म्हणून चौरस मिलीमीटरात हजार गुणिले हजार, दहा लाख चौरस मायक्रोमीटर. "मग आपली केबल किती?"

या वेळी मी बोटं मोजून, सावकाश म्हणालो, "पंचवीस लाख."

ओट्यावरचा शेंगांचा आवाज थांबला.

"रुपया शेतस का?"