एनटी १ आणि एनटी २ कधी आलेच नव्हते

सध्या एक मेसेज फिरतोय की विंडोज एनटी (मायक्रोसॉफ्टची ऑपरेटिंग सिस्टीम, आजच्या विंडोजची पूर्वज) १ आणि २ बाजारात आले, फार बिघडलेले निघाले म्हणून मायक्रोसॉफ्टने गुपचूप परत घेतले आणि मग थेट ३.१ काढलं. हे साफ चुकीचं आहे, कृपया पुढे पाठवू नका.

एनटीचं पहिलंच व्हर्जन ३.१ होतं, जुलै १९९३ मधलं. कारण साधं आहे, तेव्हा लोकांच्या कॉम्प्युटरवर डॉस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमवर चालणारं विंडोज ३.१ होतं, १९९२ चं, आणि एनटीची स्क्रीन दिसायला अगदी तशीच, मग नंबरही तोच दिला. आतला गाभा मात्र पूर्ण वेगळा, डॉस नाहीच. तो डेक या कॉम्प्युटर कंपनीतून १९८८ मध्ये मायक्रोसॉफ्टमध्ये आलेल्या डेव्ह कटलर यांच्या टीमने नव्याने लिहिला, आणि सुरुवातीला तर ते काम ओएस/२ या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टीमची पुढची आवृत्ती म्हणून चाललं होतं, १९९० मध्ये विंडोज ३.० धडाधड खपलं तेव्हा दिशा बदलली. एवढी मेहनत 'फसलेला माल' म्हणून खपवली जाते याचं खरंच वाईट वाटतं.

एनटीची हीच मोजणी पुढच्या विंडोजमध्ये चालू राहिली, एक्सपीही त्याच वंशातला. जुना एक्सपी असेल घरात तर कमांड प्रॉम्प्टमध्ये (काळी खिडकी, जिथे आज्ञा टाइप करतात) ver टाइप करून बघा, ५.१.२६०० दिसेल.