तिकीट काढून बघितलेली चूल

माझं निम्मं बालपण फुंकणी फुंकण्यात गेलं. राजापूरकडच्या आमच्या घराला कुडाच्या भिंती, शेणाने सारवलेली जमीन आणि स्वयंपाकघरात बारा महिने धूर. लग्न होऊन डोंबिवलीत आले, चार वर्षं गॅसच्या नंबराची वाट पाहिली, आणि सिलिंडर घरात आला त्या दिवशी मी त्याला हळदकुंकू वाहिलं. हे सांगायचं कारण इतकंच, की सात-आठ वर्षांपूर्वी लेकीकडे बॉस्टनला गेलो असताना जावयांनी शनिवारी सकाळी हौसेने गाडी काढली, तासभर चालवली, पाच जणांची तिकिटं काढली आणि आम्हाला जे दाखवलं, ती चूल होती.

ठिकाणाचं नाव तेव्हा प्लिमथ प्लँटेशन. (२०२० पासून ते प्लिमथ पटक्सेट झालंय.) १६२० साली मेफ्लॉवर जहाजातून १०२ प्रवासी इंग्लंडहून ६६ दिवसांनी अमेरिकेच्या किनाऱ्याला लागले आणि पहिल्याच हिवाळ्यात त्यातले निम्मे गेले. उरलेल्यांनी वसवलेलं गाव १६२७ साली जसं असेल तसं इथे पुन्हा उभारलंय. त्यात त्या काळचे कपडे घातलेली माणसं दिवसभर त्या काळातच राहतात.

"बाबा, त्यांना आजचं काही विचारू नका हं," लेकीने गाडीतच बजावलं. "त्यांच्यासाठी आत्ता १६२७ चालू आहे."

इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या माणसाला हे सांगणं म्हणजे लहान मुलाला मिठाईच्या दुकानात सोडून 'हात लावू नकोस' म्हणणं. पहिल्याच घरात शिरून ह्यांनी एका टोपीवाल्या बाईंना आम्ही इंडियाहून आलोय असं सांगितलं. बाईंनी डोळे मोठे केले. मिरी आणि जायफळं येतात तो मुलूख? मग जहाजावर किती महिने काढलेत?

"बावीस तास," हे म्हणाले. "मध्ये एक बदली."

बाईंनी माझ्याकडे इतक्या कणवेने पाहिलं, की लग्नाला पस्तीस वर्षं झाल्याचं कुणीतरी पहिल्यांदाच समजून घेतलंय असं मला वाटलं. हे मात्र रंगात आलेले. यंदा आमच्याकडचा जहांगीर बादशहा मरणार आहे, आणखी तीन वर्षांनी शिवनेरीवर एक मूल जन्माला येईल, त्याचं नाव लक्षात ठेवा, असं सगळं त्यांना सांगून झालं. बाई मान डोलवत होत्या. त्यांचं उत्तर मला काही कळलं नाही. चारशे वर्षांपूर्वीचं इंग्रजी, आणि माझं पाचवीपासूनचं.

मी तोवर घर बघत होते. लाकडी सांगाड्यात माती लिंपलेली, वर गवताने शाकारलेलं छप्पर, खाली मातीची जमीन. कोपऱ्यात विस्तवावर टांगलेल्या भांड्यात मक्याचं काहीतरी पेजेसारखं रटरटत होतं. आजूबाजूचे लोक "वॉव" म्हणत फोटो काढत होते. माझं लक्ष लाकडाकडे. ओलं होतं. वर ते आडवं घातलेलं, खाली हवेला जागाच नाही, त्यामुळे नुसता धूर. मी दोन मिनिटं कळ काढली. मग वाकून लाकूड एका बाजूने उचललं, राख सारली आणि गाल फुगवून फुंकर घातली. भक्कन जाळ झाला. बाईंनी टाळ्या वाजवल्या, दोन अनोळखी मुलांनी माझाही फोटो काढला. लेक मात्र दारात डोक्याला हात लावून उभी.

जेवणाच्या वेळी मी नेहमीप्रमाणे काट्याने कोंबडीशी झटापट सुरू केली. चारचौघांत हाताने खायचं नाही, हा लेकीच्या घरचा नियम. नात म्हणाली, "आजी, त्यांच्याकडे काटे नव्हतेच. चमचा, सुरी, नाहीतर हात." मी लेकीकडे बघितलं. लेकीने खिडकीबाहेर बघितलं. मी काटा खाली ठेवला.

नदीच्या बाजूला वाम्पानोआग या इथल्या मूळ रहिवाशांची वस्ती आहे. तिथे एक तरुण लांबलचक ओंडक्यावर विस्तव ठेवून तो आतून जाळत होता. जळलं की कोळसा खरवडायचा, पुन्हा विस्तव. असं करत करत नाव होते, तिला ते मिशून म्हणतात. ह्यांनी उत्साहाने विचारलं, "तुम्हीपण १६२७ मधलेच ना?"

"नाही," तो म्हणाला. "मी आजचाच. आम्ही इथेच आहोत." त्याच्या अंगावर हरणाचं कातडं होतं, पण हे नाटक नव्हतं. तो वाम्पानोआगच होता. गोरे यायच्या आधी, १६१६ ते १६१९ च्या साथीत इथलं पटक्सेट गाव पार ओस पडलं होतं. नव्या लोकांना साफ केलेली शेतं आयती मिळाली. त्यांना मका पेरायला शिकवणारा टिस्क्वांटम हा त्याच गावचा. त्याला १६१४ मध्ये पळवून स्पेनला नेलं होतं. परतला तेव्हा गावात कुणी उरलं नव्हतं. ह्यांनी पुढे काही विचारलं नाही. आम्ही बराच वेळ तो ओंडका जळताना बघत उभे राहिलो.

शेवटी आजच्या प्लिमथ गावात जाऊन प्लिमथ रॉक. खांबांचा मोठा मंडप, कठडा, खाली गाभाऱ्यासारख्या खड्ड्यात एक धोंडा, त्यावर १६२० कोरलेलं. मेफ्लॉवरचे ते प्रवासी (इथे त्यांना यात्रेकरू, म्हणजे पिल्ग्रिम्स म्हणतात) यावरच उतरले असं मानतात. तसं पहिल्यांदा सांगितलं ते थेट १७४१ मध्ये, नव्वदी ओलांडलेल्या एका आजोबांनी. १७७४ मध्ये हलवायला गेले तर त्याचे दोन तुकडे झाले. "एवढासाच?" सगळेच म्हणत होते. मला त्यात नवल वाटलं नाही. आमच्याकडे याहून लहान धोंड्याला शेंदूर लावून जत्रा भरते. सवयीने माझे हात जोडले गेले, आणि शेजारचे एक गोरे आजोबा बिचकून टोपी काढते झाले.

रात्री घरी आले तरी साडीला धुराचा वास होता. भूक लागलेली, म्हणून आमटीला फोडणी टाकली. लसूण आणि दोन सुक्या मिरच्या, फार नाही. छताला चिकटवलेली धुराच्या गजराची ती पांढरी डबी अशी किंचाळली, की नात कान झाकून पळाली, लेकीने खिडक्या उघडल्या आणि जावई खुर्चीवर चढून हाताला लागलेल्या कागदाने वारा घालू लागले. कागद म्हणजे सकाळचं माहितीपत्रक. त्यावर टोपी घातलेली एक बाई धुराने भरलेल्या खोलीत चुलीपुढे बसून छान हसत होती.