ऐंशी रुपयांची गोष्ट

तिसऱ्या मजल्यावरचे काका माझे ऐंशी रुपये देणं लागतात. ते देणार नाहीत हे सगळ्या सोसायटीला माहीत आहे, आणि सोसायटी त्यांच्या बाजूने आहे.

गणपतीत मांडवात पडदा लावून 'अशी ही बनवाबनवी' दाखवला. वडापाव आले तेव्हा काकांकडे सुट्टे नव्हते. चार वडापावचे ऐंशी मी दिले. "सिनेमा संपला की देतो रे," काका म्हणाले. इथवर सगळं सुरळीत होतं.

१९८८चा हा सिनेमा पाठ असण्यात विशेष काही नाही, निम्म्या महाराष्ट्राला तो पाठ आहे. काका मात्र नटाच्या अर्धा सेकंद आधी बोलतात. त्यामुळे मला प्रत्येक संवाद दोनदा ऐकू येत होता, त्यातला पहिला लसणाच्या चटणीच्या वासासकट. लक्ष्मीकांत बेर्डेची पार्वती पदर सावरायच्या आत काकांनी गळ्यातला टॉवेल सावरलेला असायचा. मध्येच मला विचारलं, "तू कितव्यांदा बघतोयस?"

"तिसऱ्यांदा असेल."

काका गप्प झाले. मग हळूच म्हणाले, "परदेशात होतास का?"

हे मला लागलं. म्हणून मी शहाणपण काढलं. म्हटलं, "काका, तुमच्यासारख्या प्रेक्षकांवर विद्यापीठांत अभ्यास चालतो. न्यूयॉर्कला 'द रॉकी हॉरर पिक्चर शो' हा सिनेमा १९७६पासून मध्यरात्री लावायला लागले. लोक पात्रांसारखे कपडे करून यायचे, पडद्याला उलट उत्तरं द्यायचे, तांदूळ फेकायचे."

"तांदूळ? का?"

"पडद्यावर लग्न लागतं ना."

"मग अक्षता म्हण की! तांदूळ काय म्हणतोस?"

"आणि भाजलेला ब्रेडही फेकतात."

"लग्नात?"

"नाही, पुढे जेवणाच्या प्रसंगात."

"भाजून फेकतात?" काकांनी मागच्या रांगेला ही बातमी दिली. मागच्या रांगेने तिच्या मागच्या रांगेला दिली. "तूप लावून?" असा प्रश्न पार शेवटून आला. मला माहीत नव्हतं. एवढा अभ्यास असून तुपाचं माहीत नाही, म्हणजे माझा विषय तिथेच निकालात निघाला.

खरं तर मला इटालियन लेखक-अभ्यासक उंबर्तो इको सांगायचे होते. 'कॅसाब्लांका' या जुन्या हॉलिवूडपटाबद्दल लिहिताना ते म्हणतात की ज्या सिनेमाचे भक्त तयार होतात, तो मोडून त्याचे सुटे तुकडे करता आले पाहिजेत, मग मूळ गोष्टीशी त्या तुकड्यांचा संबंध राहो न राहो. बरोबर आहे. पण तो तुकडा तोंडावर फेकून इकोंचे पैसे कुणी बुडवले नसावेत.

माझे बुडाले. सिनेमा संपला, खुर्च्या आवरायला लागलो, तेव्हा मी भीत भीत म्हटलं, "काका, ते वडापावचे..."

काका उठून उभे राहिले. चेहरा अशोक सराफांचा केला. मांडव थांबला.

"वारले!"

जो हशा झाला म्हणता! एका आजींनी डोळे पुसले. मीही हसलो, न हसून सांगतो कुणाला? हशा ओसरल्यावर म्हटलं, "पण काका, ऐंशी होते."

"सत्तर!" चारी बाजूंनी आवाज आला. आठवीतली एक पोरगी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "दादा, मूळ संवाद 'सत्तर रुपये वारले' असा आहे."

"मुळात," मी चिडून म्हणालो, "ही गोष्टच १९६६च्या हिंदी 'बीवी और मकान'वरून घेतलीय!"

आरती चालू असताना मोबाइल वाजावा तशी शांतता पसरली. वडे तळणारासुद्धा माझ्याकडे बघायला लागला. खुर्च्यांची चळत घेऊन एकटाच जिन्याकडे गेलो, कुणी हात लावला नाही. उधार मी दिले, आणि वाईटही मीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. दारात काका. मी म्हटलं, चला, माणूस सज्जन आहे.

काकांनी दहाची नोट पुढे केली.

"सत्तर वारले. हे वरचे दहा. हिशोब चोख असावा."